‘पट्टा लावला होता का?’ हा प्रश्न अपुरा आहे

बांधकामावर माणसांना उंचावर कामाला नेणाऱ्या लिफ्टच्या बास्केटमधून माणूस पडला, की पंचनामा व्हायच्या आधीच एक प्रश्न विचारून होतो: पट्टा लावला होता का? लावला नसेल तर प्रकरण तिथंच मिटतं. मजुराचा निष्काळजीपणा, पेपरात चार ओळी, विषय बंद. लावला असेल तर मात्र सगळेच गडबडतात, कारण पट्टा असूनही माणूस गेला कसा, याचं उत्तर कुणाकडे तयार नसतं.

उत्तर तसं सोपं आहे. बूम लिफ्ट (लांब हाताच्या, म्हणजे बूमच्या, टोकाला बास्केट असलेलं यंत्र) आणि सिझर लिफ्ट (कात्रीसारख्या दांड्यांवर सरळ वर जाणारा मंच) यांवर माणसं मुख्यतः चार तऱ्हांनी जखमी होतात किंवा जीव गमावतात. बास्केटमधून बाहेर फेकली जातात, अख्खं यंत्र कलंडतं, विजेची तार लागते, किंवा बास्केटचा कठडा आणि वरची तुळई यांच्यामध्ये छाती चिरडते. पट्ट्याचा खरा उपयोग पहिल्या तऱ्हेत. दुसऱ्या तऱ्हेत तो माणसाला बास्केटमध्ये ठेवतो, पण बास्केटच खाली येत असते. तिसऱ्या आणि चौथ्या तऱ्हेत त्याचा काडीचाही उपयोग नाही. या उरलेल्या तिन्हींचा निकाल बास्केट जमिनीवर असतानाच बराचसा लागलेला असतो: यंत्र कुठलं मागवलं, ते कुठं उभं केलं, वर काय आहे ते कुणी पाहिलं, खाली कोण उभं आहे. आणि हे ठरवणारा माणूस बास्केटमध्ये कधीच नसतो. म्हणून माझं म्हणणं असं, की लिफ्टच्या कामाची जबाबदारी काम देणाऱ्याने सहीनिशी घ्यावी आणि तिचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा.

कोकणात हा प्रश्न आता नवखा राहिलेला नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण, चिपीचा विमानतळ, महाड, रोहा आणि लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतींतल्या उंच शेड, किनाऱ्यावरची हॉटेलं, तालुक्याच्या गावांत उभ्या राहिलेल्या पाच-सात मजल्यांच्या इमारती. बांबूची परांची बांधणारे हात कमी झाले आणि पत्रे बसवायला, रंगाला, फायर लाइनच्या पाइपांना लिफ्ट येऊ लागली. ती चांगलीच गोष्ट आहे. नीट वापरलेली लिफ्ट शिडीपेक्षा आणि काथ्याने बांधलेल्या परांचीपेक्षा कितीतरी सुरक्षित. बिघडतं ते ती अर्धवट आल्यामुळे: यंत्र येतं, त्याच्या भोवतीची शिस्त, ते जिथून भाड्याने येतं त्या पनवेललाच राहते.

जिथं यंत्रही येत नाही तिथं जेसीबीचं बकेट येतं. दोन माणसं, रंगाचा डबा, ब्रश, आणि ‘घे वर’. लिफ्टच्या सिलिंडरवर लॉक व्हॉल्व्ह असतो. तेलाचा पाइप फुटला तरी बूम आहे तिथं थांबते. माती उचलायला केलेल्या बकेटला अशी हमी सहसा नसते. शिवाय वरच्या माणसाच्या हातात काहीच नसतं, आणि ड्रायव्हरच्या कोपराचा धक्का एका लिव्हरला लागला की बकेट पालथं. हायड्रा क्रेनच्या हुकाला लोखंडी पिंजरा अडकवून माणसं चढवणं हा त्याचाच भाऊ. हे प्रकार सुधारायचे नसतात, बंद करायचे असतात. पुढचं सगळं खऱ्या लिफ्टबद्दल.

आधी पट्ट्याचाच हिशोब पुरा करू. बूम लिफ्टची बास्केट १५ मीटरवर आहे आणि चालकाने वरूनच यंत्र थोडं पुढं घेतलं. एका बाजूचं चाक १० सेंटीमीटरच्या खड्ड्यात गेलं. डाव्या-उजव्या चाकांमध्ये २.३ मीटर अंतर धरलं, तर वरची बास्केट ६५ सेंटीमीटर बाजूला झेपावते, तेही क्षणात. बूम लवचिक असल्याने ती परत उसळते आणि आतला माणूस कठड्यावरून उडतो. इथं पट्टा हवाच. पण कुठला? आपल्याकडे सर्रास मिळते ती दीड-दोन मीटरची दोरी. ती लावलेला माणूस कठड्याबाहेर जाऊन लोंबकळतो आणि त्याच्या झटक्याने यंत्रालाच ओढ बसते. दोरी इतकी आखूड करायची, की शरीर कठड्याच्या बाहेर जाऊच नये. हुक अडकवायचा बास्केटमध्ये खूण करून दिलेल्या कडीला, कठड्याच्या पाइपला नव्हे. शेडच्या ट्रसला (छपराच्या लोखंडी कैचीला) तर कधीच नाही, कारण बास्केट खाली सरकली की माणूस मध्येच ताणला जातो. पट्टा पूर्ण अंगाचा, आयएस ३५२१ चा, कमरेचा नको. जेटीवर पाण्याच्या कडेला काम असेल तर गणित पुन्हा बदलतं. यंत्रच पाण्यात जाण्याची शक्यता असेल, तर त्याला बांधलेला माणूस त्याच्याबरोबर तळाला जातो. तिथं पट्टा की लाइफ जॅकेट, हा निर्णय त्या जागेपुरता विचार करून आधी घ्यावा लागतो.

सिझर लिफ्टवरची माणसं बहुतेक वेळा कठड्यावर चढल्यामुळे पडतात. हात पोचत नाही म्हणून मधल्या पाइपवर पाय, नाहीतर रंगाच्या बादलीवर. मागवताना एक मीटर उंची कमी पडली, ती मजूर आपल्या पायांनी भरून काढतो. चूक यंत्र मागवणाऱ्याची असते, नाव मजुराचं होतं.

आता जमीन. कोकणातल्या जमिनीवर लिफ्ट उभी करणं म्हणजे घाटावरच्या सपाट प्लॉटवर उभी करणं नव्हे. आपल्याकडे सपाटी मुळात नसतेच. ती केलेली असते. डोंगराकडून कापायचं, उताराकडे भराव घालायचा आणि कडेला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेली भिंत. कापलेली बाजू जांभ्याची, टणक. भरावाची बाजू पहिल्या दोन पावसांत बसते आणि गडग्याच्या फटींतून माती वाहून आत पोकळी तयार होते. वरून दोन्ही सारखंच लाल दिसतं. १४ मीटरची डिझेल बूम लिफ्ट सहा-सात टनांची असते, आणि बूम एका कोपऱ्याकडे वळली की एकूण वजनाच्या निम्म्याच्या आसपास भार त्या एका चाकावर येतो. तीन टन एका चाकावर, तेही गडग्यापासून दोन हातांवर! कडेपासून निदान गडग्याच्या उंचीइतकं तरी आत राहायचं, हा साधा नियम. गडगा दोन मीटर उंच असेल तर दोन मीटर आत, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त.

घराच्या आवारात तर जमिनीखाली बरंच काही दडलेलं असतं. शोषखड्डा, शौचालयाची टाकी, बुजवलेली जुनी विहीर, नळाच्या पाइपसाठी खणून नुसती माती लोटलेला चर. टाकीवरची चार इंची फरशी माणसाला पेलते, लिफ्टला नाही. यंत्र ट्रेलरवरून उतरण्याआधी घरमालकाला घेऊन सगळं आवार फिरायचं, टाकी आणि चर चुन्याने आखायचे, आणि जिथून चाकं जाणार तो पट्टा पहारीने ठोकत जायचं. पोकळ जागा आवाजाने कळते, मऊ जागेत पहार शिरते. अर्ध्या तासाचं काम, पण ते कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

इथं एक गैरसमज फार पक्का आहे: ‘यंत्राला अलार्म आहे, तिरकं झालं तर वाजेल.’ अलार्म वाजतो, खरं आहे. सिझर लिफ्टला साधारणपणे आडव्या बाजूने दीड अंश आणि लांबीच्या दिशेने तीन अंश एवढीच मुभा असते. दीड अंश म्हणजे मीटरला जेमतेम २.६ सेंटीमीटर, कोकणातल्या बऱ्याचशा अंगणांचा पाण्यासाठी काढलेला ढाळच त्याच्या जवळपास जातो. पण हा अलार्म यंत्राचा आत्ताचा कल मोजतो. जमिनीची ताकद मोजायचं साधन त्यात नाही. फरशी फुटेपर्यंत यंत्र अगदी पातळीत असतं, आणि फुटल्यावर अलार्म ऐकायला वेळ नसतो.

ट्रकवर बसवलेल्या लिफ्टच्या पायांचंही तसंच. पायावर चार टन येत असतील आणि पायाची पाटी २० बाय २० सेंटीमीटर असेल, तर जमिनीवरचा दाब चौरस मीटरला १०० टन होतो. तेच पायाखाली ६० बाय ६० चा जाड, एकसंध ठोकळा ठेवला की ११ टन. फरक नऊपट, आणि किंमत दोन-तीन लाकडी पाट्यांची. प्रत्यक्षात पायाखाली काय दिसतं? चिऱ्याचा तुकडा. जांभा दाबात तसा बरा, पण कडेवर भार आला की फुटतो, आणि पावसात भिजलेला तर लवकर फुटतो.

सिझर लिफ्टच्या पोटाखाली दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात. लिफ्ट वर जाताना त्या खाली उतरतात, म्हणजे चाक खड्ड्यात गेलंच तर यंत्र त्यांच्यावर टेकावं. खाली खडी किंवा सळईचे तुकडे पडलेले असले की त्या पुऱ्या उतरत नाहीत आणि यंत्र वर जायला नकार देतं. झाडू मारायचा सोडून तिथला स्विच तारेने बांधला जातो. किनाऱ्यावर याला खाऱ्या हवेची साथ मिळते. लिमिट स्विचची (यंत्र हद्दीपलीकडे गेलं की ते थांबवणाऱ्या खटक्याची) दांडी गंजून अडकते, कनेक्टरमधल्या तांब्यावर हिरवा थर चढतो, यंत्र विनाकारण थांबू लागतं आणि ‘हा सेन्सर येडा आहे’ म्हणून तो कायमचा बाद होतो. मुंबईतल्या बंद शेडमध्ये सहा महिने चालणारं यंत्र जयगड किंवा देवगडच्या वाऱ्यात तितका काळ तसंच चालेल, हे भाड्याने देणाऱ्याने धरूच नये. किनाऱ्यावरच्या कामात रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने पुसणं, आठवड्याला स्विच-कनेक्टर उघडून पाहणं, सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर गंजाचे टिपके दिसले तर सील गळायच्या आधी कळवणं, हे करारातच यायला हवं.

विजेच्या तारेबद्दल बोलताना अंतराची गल्लत होते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांनी इमारतीपासून तारेचं आडवं अंतर ११ केव्ही (किलोव्होल्ट) पर्यंत १.२ मीटर आणि ३३ केव्हीपर्यंत २ मीटर घालून दिलं. बांधकाम त्या नियमात बसलं, की साइटवर समज होतो की तार ‘सुरक्षित अंतरावर’ आहे. पण ते अंतर न हलणाऱ्या भिंतीसाठी आहे. बास्केट हलते, वाऱ्याने तार झुलते, एप्रिल-मेच्या दुपारी तार तापून आणखी खाली येते, आणि माणसाच्या हातात तीन मीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप असतो. अमेरिकेच्या नियमांत लिफ्टसाठी ५० केव्हीपर्यंत १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर अंतर सांगितलं आहे, आणि ते माणूस, हत्यार, सामान सगळं धरून. भिंतीला परवानगी मिळालेली जागा लिफ्टला मिळालेली नसते. भाड्याने मिळणारी नेहमीची बूम लिफ्ट विजेसाठी इन्सुलेटेड नसते, हेही मुकादमांना सांगावं लागतं. वीज कंपन्यांच्या फायबरच्या बास्केट वेगळ्या. तीन मीटर मिळत नसतील तर महावितरणकडे अर्ज करून फीडर (त्या भागाची वीजवाहिनी) बंद करून घ्यायचा, आणि तो बंद झाल्याचं वायरमनने जागेवर येऊन तपासून अर्थिंग लावेपर्यंत बास्केट हलवायची नाही. ‘फोनवर सांगितलंय, लाइट गेलीय’ हा शटडाउन नव्हे. लाइट तशीच येतेही.

तार लागलीच तर खालचा माणूस काय करतो? धावत जाऊन यंत्राच्या खालच्या पॅनलला हात लावतो, वरच्याला उतरवायला. यंत्र त्या क्षणी जिवंत तारेइतकंच धोक्याचं असतं, आणि जमीन ओली असेल तर यंत्राजवळ नुसतं चालत जाणंही जिवावर बेतू शकतं. म्हणून अशा वेळी उलटं करायचं: दूर राहायचं, इतरांना दूर ठेवायचं, फीडर बंद करवून घ्यायचा, त्याची खात्री करायची आणि मगच पॅनल. वरच्याने आग लागल्याशिवाय बास्केट सोडायची नाही. हे खाली उभ्या राहणाऱ्याला आधी शिकवलेलं नसेल, तर ऐनवेळी त्याला सुचण्याची अपेक्षा करणं चूक आहे.

चौथी तऱ्हा सगळ्यात कमी बोलली जाते. शेडमध्ये ट्रसखाली काम चालू आहे, चालक कंट्रोलवर वाकून मागे बघत यंत्र सरकवतोय आणि पाठीला तुळई लागते. तो पुढे दाबला जातो, त्याचं पोट जॉयस्टिकवर पडतं, जॉयस्टिक आणखी दाबली जाते आणि यंत्र त्याला दाबतच राहतं. यासाठी बूम लिफ्टला पायाखालचा स्विच असतो: पाय उचलला की सगळं बंद. त्या पायस्विचवर चिऱ्याची कपची ठोकून ठेवलेली जागोजागी दिसते, ‘सारखा पाय ठेवून पोटऱ्या भरून येतात’ म्हणून. पोटऱ्या भरून येतात हे खरंच आहे. त्यावर उपाय चालक बदलणं. कपची ठोकलेली असली की दाबला गेलेल्या माणसाची शेवटची आशाही संपते. मग उरतो तो खालचा माणूस. त्याला खालचं पॅनल, किल्लीचा खटका आणि इंजिन बंद पडलं तर बास्केट उतरवायचा आपत्कालीन पंप किंवा व्हॉल्व्ह माहीत हवा. छाती दबलेल्या माणसाकडे काही मिनिटं असतात. १०८ ची रुग्णवाहिका घाटातून येईपर्यंत ती संपतात, आणि उंच शिडीची अग्निशमन गाडी बहुतेक तालुक्यांत नाहीच. सुटका तिथल्या तिथं, जमिनीवरून, त्याच यंत्राने करावी लागते. प्रत्यक्षात खालचा हेल्पर चहा आणायला गेलेला असतो आणि किल्ली चालकाच्या खिशात वर असते.

वारा शेवटी घेतोय, कारण तिथं प्रश्न थेट पैशाशी भिडतो. उघड्यावर वापरायच्या बहुतेक लिफ्टवर १२.५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ४५ किलोमीटर ही मर्यादा लिहिलेली असते. फक्त आतल्या कामासाठी केलेल्या सिझर लिफ्टची मर्यादा शून्य असते, आणि तीही अंगणात निघालेली दिसते. मालवणच्या राजकोटावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला तेव्हा ताशी ४५ किलोमीटर वाऱ्याची बरीच चर्चा झाली. या किनाऱ्याला पावसाळ्यात तेवढा वारा अपूर्वाईचा नाही, हे इथल्या कुठल्याही खलाशाने सांगितलं असतं. आणि मर्यादा मोकळ्या बास्केटची आहे. तीन मीटर लांब, एक मीटर रुंद पत्रा वाऱ्यापुढे आडवा धरला, तर त्या वेगाला त्यावर तीस-पस्तीस किलोचा रेटा येतो. अनेक सिझर लिफ्टना उघड्यावर बाजूने सोसायची परवानगी २०० न्यूटनची, म्हणजे वीस किलोची असते. वाऱ्याची मर्यादा न ओलांडताही लिफ्ट धोक्यात जाते ती अशी. वेग मोजायचा तो बास्केटच्या उंचीवर, हातातल्या वायुवेगमापकाने. खाली माडांच्या आडोशाला उभं राहून नव्हे. उन्हाळ्यात पत्र्याचं काम सकाळी उरकावं, दुपारी खारे वारे सुटायच्या आत.

हे सगळ्यांना ठाऊक असूनही वाऱ्यात काम का होतं? भाड्यामुळे. लिफ्ट पनवेल, कोल्हापूर किंवा गोव्याहून ट्रेलरवर येते. भाडं ती निघाल्यापासून चालू होतं आणि दिवसावर मोजलं जातं, यंत्र उभं राहिलं तरी. मृगाच्या आत पत्रे, गणपतीच्या आत रंग, अशा दोन घाया कोकणात दरवर्षी ठरलेल्या. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतली हजारो छपरं नेली तेव्हा तर पावसाच्या तोंडावर सगळ्यांनाच एकदम पत्रा चढवायचा होता. अशा वेळी ‘आज वारा आहे, थांबू’ म्हणणारा मजूर स्वतःच्या खिशातून थांबत असतो आणि ठेकेदार आपल्या. दोघंही थांबत नाहीत.

मान्य, की छोट्या ठेकेदाराचं म्हणणं अगदी खोटं नसतं. तो सांगतो, दर सगळ्यात कमी भरला म्हणून काम मिळालं. त्यात पायाखालचे ठोकळे, शटडाउनची वाट आणि फक्त खाली उभं राहणारा माणूस बसत नाही. बरोबर. म्हणूनच हा खर्च दरात दडवायचा नाही, वेगळा काढायचा. सार्वजनिक बांधकाम विभाग, नगरपरिषद, जिल्हा परिषद यांच्या निविदेत लिफ्टच्या कामाला चार बाबी निश्चित रकमेच्या असाव्यात, त्यांवर स्पर्धा नको: जागेची पाहणी आणि तिचा सही केलेला नकाशा, वीज बंद करून घेण्याचा खर्च, प्रशिक्षित चालक आणि खालचा माणूस, आणि वाऱ्यामुळे किंवा शटडाउनमुळे बुडणाऱ्या दिवसांचं भाडं. मोठे खाजगी मालकही हेच करू शकतात.

कायद्याची बाजू यात आडवी येत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या कलम १२ ने ठेकेदाराच्या मजुराची भरपाई काम देणाऱ्या मूळ मालकावर टाकलीच होती. नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करायची त्याला मुभा होती. १९९६ चा बांधकाम कामगार कायदा आला, आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर तर वर्षानुवर्षं गोळा होतोच आहे. त्या पैशातून प्रत्येक जिल्ह्यात एक जुनी बूम आणि एक सिझर लिफ्ट शिकवण्यासाठी ठेवणं अशक्य नाही. रत्नागिरी, कुडाळ, अलिबागच्या आयटीआयमध्ये आठवड्याचा अभ्यासक्रम हिंदीत आणि मराठीत चालला, आणि त्यात निम्मा वेळ खालच्या माणसाला दिला, तरी बरंच साधेल.

पण सुरुवात भाड्याच्या करारातल्या दोन कलमांनी होऊ शकते, त्याला सरकार लागत नाही. एक: बास्केटच्या उंचीवर वारा मर्यादेच्या वर मोजला गेला किंवा वीज बंद होण्याची वाट पाहावी लागली, तर त्या दिवसाचं भाडं निम्मं, आणि तेही काम देणाऱ्याकडून. दोन: यंत्र ट्रेलरवरून उतरल्यावर भाड्याने देणाऱ्याचा मेकॅनिक, चालक आणि खालचा माणूस यांनी मिळून खालच्या पॅनलवरून रिकामी बास्केट वर नेऊन आपत्कालीन पंपाने उतरवून दाखवायची. ती उतरली नाही, तर यंत्र त्याच ट्रेलरवर परत चढतं आणि येण्या-जाण्याचं भाडं यंत्रमालक भरतो.